मायक्रोफ्लुइडिक चिपमधली कणांची गर्दी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या पट्ट्यातून प्रोजेक्टच्या दिवसांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. शाळा मराठीतून, बी.ई. इंग्रजीतून आणि लॅबमधलं बोलणं अर्धं कानडीतून, अशा मुलामुलींचे हे प्रश्न. काही पॅथॉलॉजी लॅबवाल्यांचेही आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, तिथे जाऊन वाचा.

१. मॅडम, अगदी सुरुवातीपासून सांगा. या चिपमध्ये नेमकं काय वेगळं करतात?

दहा मायक्रॉनपासून काहीशे मायक्रॉन रुंदीच्या चॅनेलमधून द्रव सोडायचा आणि त्यातले कण आकार, घनता, लवचिकता किंवा विद्युत गुणधर्मांप्रमाणे वेगवेगळ्या आउटलेटला न्यायचे, एवढंच. कण म्हणजे रक्तपेशी, जिवाणू, प्लास्टिकचे बीड, तेलाचे थेंब, काहीही. १०० मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये पाणी सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने गेलं तर रेनॉल्ड्स अंक १ येतो. नळीतला प्रवाह खळबळायला तो २००० च्या आसपास लागतो. म्हणजे इथे सगळं शांत, थराथराने वाहतं आणि कुणी ढकललं नाही तर कण आपली रेषा सोडत नाही. मोठ्याला जास्त आणि लहानाला कमी ढकलणं हाच सगळ्या पद्धतींचा गाभा. कुणी ते खांबांच्या रांगांनी करतं, कुणी वेगाने, कुणी आवाजाने, विजेने किंवा चुंबकाने.

२. पुस्तकातलं सूत्र एका कणाचं आहे. मग ही "परस्परक्रिया" मध्येच कुठून आली?

पुस्तकात कण एकटा असतो, चिपमध्ये नसतो. बहुतेक प्रोजेक्ट इथेच घसरतात, म्हणून हे पान लिहावं लागलं.

कण एकमेकांवर चार वाटांनी परिणाम करतात. पहिली वाट द्रवातून. एक कण हलला की भोवतालचं पाणी हलतं आणि ते शेजारच्या कणाला जाणवतं, स्पर्शाची गरज नाही. बाहेरच्या बलाने ओढल्या जाणाऱ्या गोल कणापासून त्याच्या दहा त्रिज्या पुढे गेलं तरी पाण्याला त्याच्या वेगाच्या सुमारे १५ टक्के वेग मिळालेला असतो. प्रवाहाबरोबर नुसता वाहत जाणाऱ्या कणाचा प्रभाव यापेक्षा लवकर मावळतो, भिंती जवळ असतील तर आणखी लवकर. दुसरी वाट पृष्ठभागाची: विद्युतभार आणि व्हॅन डर वाल्स आकर्षण. तिचा पल्ला नॅनोमीटरमध्ये, पण एकदा चिकटले की सुटत नाहीत (प्रश्न ९). तिसरी वाट आपणच उघडतो, आवाज, वीज किंवा चुंबक लावून (प्रश्न ७ आणि ८). चौथी म्हणजे सरळ धक्काबुक्की आणि कोंडी (प्रश्न १२).

३. किती दाट झालं की काळजी करायची? एक आकडा सांगा की.

एक आकडा नाही, पण अंदाज बांधता येतो. कणांनी व्यापलेलं घनफळ ०.१ टक्का असेल तर दोन कणांच्या केंद्रांमधलं सरासरी अंतर सुमारे ८ व्यास असतं. १ टक्क्याला ते चार व्यासांच्या आत येतं. १० टक्क्यांना १.७ व्यास. रक्तात, म्हणजे ४५ टक्क्यांना, पेशी जवळजवळ खेटूनच असतात. अंतर घनमुळाने बदलतं, त्यामुळे दहापट पातळ करूनही ते दुप्पट-सव्वादुप्पटच होतं.

आता खरी मेख. हे सरासरीचे आकडे आहेत, आणि सेपरेशन म्हणजे कणांना मुद्दाम एका रेषेत आणणं. १०० बाय ५० मायक्रॉनचं चॅनेल घ्या. १० मायक्रॉनचे बीड मिलिलिटरला १० लाख असतील तर चॅनेलच्या प्रत्येक मिलिमीटरमध्ये ५ बीड येतात, एका रांगेत लावले तर २०० मायक्रॉनवर एक. आरामात बसतात. तेच मिलिलिटरला १ कोटी केले की मिलिमीटरला ५० बीड, म्हणजे २० मायक्रॉनवर एक. दोन बीडमध्ये जेमतेम एका बीडची फट उरते. घनफळाने मात्र हे फक्त ०.५ टक्का! बाटलीत बघितलं तर पाणी किंचित दुधाळ दिसतं, इतकंच. म्हणून टक्केवारी बघून "पातळच आहे" असं कुणी म्हणालं की मी आधी चॅनेलचं माप विचारते.

४. आमचे बाबा साखर कारखान्यात क्लॅरिफायरवर (रस निवळवणाऱ्या टाकीवर) आहेत. ते म्हणतात, आमच्याकडेही हेच चालतं. खरं का?

पुष्कळसं खरं आहे. उसाच्या रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडून गाळ धरवतात, वर फ्लॉक्युलंट घालतात, आणि बारीक कणांचे गठ्ठे होऊन खाली बसतात. यमनापूरच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइटचा लाल गाळ बसवतानाही फ्लॉक्युलंटच लागतो. फरक इतकाच की तिथे कण एकमेकांना चिकटावेत म्हणून पैसे मोजतात आणि आपण चिकटू नयेत म्हणून.

बाबांना आणखी एक गोष्ट ठाऊक असणार: गाळ दाट असला की हळू बसतो. खाली जाणारा प्रत्येक कण तेवढं पाणी वर ढकलतो आणि ते बाकीच्यांना अडवतं. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ साली याचं जे सूत्र दिलं त्यात एकट्या कणाच्या वेगाला "१ वजा घनफळाचं प्रमाण" याच्या ४.६५ व्या घाताने गुणतात. १० टक्के दाटीला वेग ६१ टक्क्यांवर येतो. अगदी पातळ द्रावणासाठी बॅचलर यांनी १९७२ मध्ये काढलेला हिशोब सांगतो की १ टक्का दाटी वाढली की वेग साडेसहा टक्क्यांनी घटतो. चिपमध्ये बाहेरचं बल लावून सगळे कण एकाच दिशेला ओढले तर पाणी असंच उलटं फिरतं आणि सगळे मंदावतात. फक्त साखर कारखान्यात थांबायला वेळ आहे, चिपमध्ये कण काही सेकंदांत बाहेर पडलेला असतो.

५. इनर्शियल चिप (प्रवाहाच्या वेगाने कण रेषेत आणणारी): कमी कण असताना रेषा एकदम बारीक, जास्त टाकले की फिसकटते. डिझाइन चुकलं काय?

बहुतेक वेळा नाही. नळीतून वाहणारे कण मध्यापासून सुमारे ०.६ त्रिज्येवर कडं करून जमतात, हे सेग्रे आणि सिल्बरबर्ग यांनी १९६१ मध्ये दाखवलं. या ढकलण्याचं बल कणाच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणून दुप्पट मोठ्या कणाला सोळापट बल. चॅनेलच्या मापाच्या ०.०७ पटीपेक्षा लहान कण नीट जमत नाहीत, हा ढोबळ नियमही ध्यानात ठेवा.

पण त्या ठरलेल्या जागेवर जागा असते ती एका रांगेपुरतीच. रांगेत आलेले कण एकमेकांच्या मागे उलटे फिरणारे प्रवाह तयार करतात आणि ठरावीक अंतर राखतात. गाळप हंगामात संकेश्वरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की मधे घुसायला जागा उरत नाही, तसंच इथे होतं: उशिरा आलेला कण बाजूला राहतो आणि रेषा जाड दिसते. स्पायरल (गोल वळणाऱ्या चॅनेलच्या) चिपमध्ये याचा फटका दुहेरी. मोठे कण आतल्या भिंतीजवळ गर्दी करतात आणि त्यांच्यातले काही लहानांच्या वाटेवर ढकलले जातात, लहान कणही मोठ्यांच्या आउटलेटमध्ये सापडतात. प्रश्न ३ मधला हिशोब तुमच्या चॅनेलला लावा. फट दोन व्यासांपेक्षा कमी येत असेल तर आधी द्रावण पातळ करा, मग डिझाइनकडे बघू.

६. खांबांच्या चिपमध्ये (डीएलडी) तर सगळं भूमितीवर ठरतं. तिथे गर्दीने काय बिघडणार?

ही पद्धत २००४ साली पुढे आली आणि तिची कीर्तीच अशी आहे की कण कुठे जाणार ते आधीच ठरलेलं. सीमेचा व्यास काढायचं प्रचलित सूत्र: १.४ गुणिले खांबांमधली फट गुणिले खांबांच्या रांगांच्या तिरपेपणाच्या प्रमाणाचा ०.४८ वा घात. फट १० मायक्रॉन आणि तिरपेपणा ०.१ असेल तर सीमा ४.६ मायक्रॉन. त्यापेक्षा मोठा कण खांबाला टेकून तिरका सरकत जातो, लहान कण नागमोडी वाटेने सरळ जातो.

हे सूत्रसुद्धा एकट्या कणाचंच. ३ मायक्रॉनचे दोन बीड चिकटून आले तर ते सीमेपलीकडचे ठरू शकतात आणि मोठ्यांच्या आउटलेटला जातात. मग अहवालात "चिपने १०० टक्के वेगळं केलं नाही" असं येतं, आणि चिपने तर बरोबरच केलेलं असतं. उलटही होतं: खांबाला टेकून वळणाऱ्या मोठ्या कणाला मागून लहान कणांचा लोंढा भिडला की तो एखादी पायरी चुकून नागमोडी वाटेला लागतो. अशा पायऱ्या शेकडो असतात, त्यामुळे थोड्या चुकाही साचत जातात. तांबडी पेशी ८ मायक्रॉन रुंद असली तरी जाडीला २ च्या आसपास असते आणि आडवी-उभी कशी वळते यावर तिचा "व्यास" ठरतो. गर्दीत ती आपल्या मनाप्रमाणे वळू शकत नाही.

७. अल्ट्रासाउंड लावलं की बीड मध्यभागी येऊन गोळे होतात. हे चांगलं की वाईट?

आधी कारण. २ मेगाहर्ट्झला पाण्यात आवाजाची तरंगलांबी ०.७५ मिलिमीटर, म्हणून ३७५ मायक्रॉन रुंद चॅनेलमध्ये अर्धी लहर बसते आणि मध्यभागी दाबाचा शांत पट्टा तयार होतो. बीड तिकडे सरकतात, बल त्रिज्येच्या तिसऱ्या घाताने. तिथे जवळ आले की प्रत्येक बीडवरून परावर्तित होणारा आवाज शेजारच्याला ओढतो. हे दुय्यम बल लांबून नगण्य, पण अगदी जवळ आल्यावर जोरदार.

सतत वाहत्या सेपरेशनला गोळे वाईट, कारण गोळा मोठ्या कणासारखा वागतो. पण अगदी लहान कण धरायचे असतील तर हेच उपयोगी पडतं. या वारंवारतेला साधारण दीड-दोन मायक्रॉनखालचे बीड बलाने जाण्याऐवजी द्रवात उठणाऱ्या भोवऱ्यांबरोबर फिरत राहतात. तिथे आधी मोठे बीड अडकवून ठेवायचे आणि त्यांच्या दुय्यम ओढीने जिवाणूंसारखे लहान कण पकडायचे, ही रूढ युक्ती आहे.

८. विजेच्या क्षेत्रात पेशींच्या माळा का होतात? चुंबकी बीडचंही तेच दिसतं.

क्षेत्रात प्रत्येक कण ध्रुवीय होतो, एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला ओढतं आणि क्षेत्राच्या दिशेने माळ लागते. चुंबकी बीडचं तत्त्व तेच. माळ एकट्या कणापेक्षा वेगाने सरकते, त्यामुळे हिशोबापेक्षा आधीच पकडली जाते. नुसतं "पकडायचं" असेल तर हरकत नाही, आकाराने वेगळं करायचं असेल तर माळ घातक.

डायइलेक्ट्रोफोरेसिसला (विजेच्या क्षेत्राने कण सरकवण्याच्या पद्धतीला) मीठ कमी असलेला बफर लागतो. ८.५ टक्के सुक्रोज आणि ०.३ टक्के डेक्स्ट्रोज हे नेहमीचं मिश्रण, पेशी त्यात फुगत-आकसत नाहीत. दुकानातली साखर चालेल का, हेही नेहमी विचारतात. त्यात क्षार आणि धूळ असते, लॅबचीच घ्या.

९. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बीड सुटे होते, पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) टाकले आणि चिकटले. बाटली खराब आहे का?

बाटली बहुधा ठीक आहे. बीडवरचा विद्युतभार त्यांना दूर ठेवतो, आणि मीठ तो भार झाकतं. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात हा भार सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. शरीरातल्या द्रवाइतक्या म्हणजे १५० मिलिमोलर मिठात तो १ नॅनोमीटरच्याही आत येतो. मग बीड जवळ आले की आकर्षण जिंकतं. १९४० च्या दशकात डेर्यागिन, लँडाऊ, व्हर्वे आणि ओव्हरबीक यांनी हेच मांडलं.

उपाय: ०.१ टक्का ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) किंवा १ टक्का बीएसए (एक प्रथिन). बाटली व्होर्टेक्सवर हलवा, दोन मिनिटं सोनिकेटर बाथमध्ये धरा आणि चिपमध्ये घालण्याआधी एक थेंब स्लाइडवर ठेवून मायक्रोस्कोपखाली जोड्या मोजा. फोकस नीट लावला की जोडीतल्या दोन बीडच्या कडा एका बिंदूत टेकलेल्या दिसतात आणि थेंब हलला तरी दोन्ही एकत्र वळतात. नुसते शेजारी असलेले बीड वेगवेगळे थरथरतात. शंभरात पाच जोड्या दिसल्या तर तुमच्या शुद्धतेची कमाल मर्यादा तिथेच ठरली.

१०. रक्त सरळ चिपमध्ये सोडता येईल का?

येतं, पण एका कणाचं कुठलंही सूत्र घेऊन जाऊ नका. एका मिलिलिटरमध्ये ५०० कोटींच्या आसपास तांबड्या पेशी असतात. कॅन्सरच्या रुग्णातल्या भटक्या गाठीच्या पेशी त्याच मिलिलिटरमध्ये मोजक्याच, कधी एकही नाही. तांबड्यांपैकी ९९.९ टक्के काढल्या असं म्हटलं तर भारी वाटतं, पण मागे ५० लाख उरतात.

म्हणून लोक एक तर रक्त पातळ करतात नाहीतर अमोनियम क्लोराइडने तांबड्या पेशी फोडतात. ईडीटीए ट्यूबमधलंच (जिच्यात रक्त गोठत नाही) रक्त घ्या, तरी तास उलटत गेले की प्लेटलेट्स त्रास देतात. प्रवाह अगदी मंद ठेवू नका. फायब्रिनोजेनमुळे तांबड्या पेशी मंद प्रवाहात नाण्यांच्या चळतीसारख्या जुळतात, वेग वाढला की सुटतात. (पॅथॉलॉजीवाल्यांना हे सांगायला नको, त्यांचं ईएसआर, म्हणजे पेशी किती वेगाने खाली बसतात याची तपासणी, यावरच चालतं.)

११. मग दहापट, वीसपट पातळ करूनच टाकू की. अडचण काय?

वेळ. १ मिलिलिटर रक्त वीसपट केलं की २० मिलिलिटर झालं. मिनिटाला १०० मायक्रोलिटर या गतीने ते संपायला ३ तास २० मिनिटं लागतात. तोवर सिरिंजमधल्या पेशी तळाला बसलेल्या असतात (प्रश्न १३). शिवाय दुर्मीळ पेशी आता वीसपट द्रवात विखुरल्या, शेवटी त्या पुन्हा गोळा कराव्या लागतात. माझं मत असं की पातळ करण्याचं प्रमाण ही सोय नव्हे, तो डिझाइनचा भाग आहे. तो पहिल्या दिवशी ठरवा, शेवटच्या आठवड्यात नाही.

१२. चिप तुंबते. पंपाचा वेग कमी केला तर टिकेल का?

थोडा वेळ जास्त टिकल्यासारखी वाटेल. अरुंद गळ्याशी कण एकेक करून चिकटत जातात तेव्हा तुंबणं बरंचसं किती कण गेले यावर ठरतं, किती वेगाने गेले यावर नाही. वेग निम्मा केला तर दुप्पट वेळाने तुंबेल, तितक्याच कणांनंतर. दाट द्रावणात दुसरा प्रकार होतो: गळा तीन-चार व्यासांचा असला तरी कण एकाच वेळी येऊन कमान धरतात.

बाकी पुष्कळ वेळा दोष कणांचा नसतोच. पीडीएमएसला (चिप ज्या रबरासारख्या सिलिकॉनची करतात त्याला) पंचने भोक पाडताना सुटलेला तुकडा, टिश्यूचा धागा, उन्हाळ्यातली लाल धूळ. बफर ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, भोकं स्कॉच टेपने साफ करा, आणि इनलेटजवळ चिपच्या सर्वांत बारीक फटीपेक्षा थोड्या लहान फटींची खांबांची चाळण ठेवा.

१३. पहिल्या पाच मिनिटांचा निकाल वेगळा, नंतरचा वेगळा. असं का होतं?

सिरिंज बघा. १० मायक्रॉनचा पॉलिस्टायरीन बीड पाण्यात सेकंदाला २.७ मायक्रॉन खाली बसतो, म्हणजे दहा मिनिटांत दीड मिलिमीटरहून जास्त. १ मिलिलिटरच्या सिरिंजचा आतला व्यासच ५ मिलिमीटरच्या आत असतो. म्हणजे चिपमध्ये जाणारी दाटी मिनिटागणिक बदलते आणि तिच्याबरोबर निकालही. बीडसाठी पाण्यात १२-१३ टक्के सुक्रोज घातलं की घनता १.०५ होते आणि बीड तरंगत राहतात. पण द्रव दीडपटीच्या जवळपास घट्ट होतो, वेगाचा हिशोब परत करा. पेशींना हा उपाय लावू नका. मिठाच्या बफरमध्ये वर एवढी साखर घातली तर त्या आकसतात. त्यांच्यासाठी सिरिंज अधूनमधून फिरवा.

१४. कॉमसोलमध्ये (सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ९९ टक्के येतंय, प्रत्यक्षात नाही. मॉडेल चुकलं?

मॉडेलला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. नेहमीच्या पार्टिकल ट्रेसिंगमध्ये प्रवाह कणाला ढकलतो, कण प्रवाहाला नाही, आणि कण एकमेकांतून आरपार जातात. दहा सोडा की दहा हजार, निकाल तोच. परस्परक्रिया हवी तर स्टोक्सियन डायनॅमिक्स किंवा लॅटिस बोल्ट्झमनसारख्या पद्धती लागतात आणि त्या कॉलेजच्या पीसीवर महिनोन्‌महिने चालतील. बी.ई.च्या प्रोजेक्टला मी सांगेन: सिम्युलेशन भूमितीपुरतं ठेवा, दाटीचा परिणाम प्रयोगात मोजा.

१५. बीड महाग आहेत. इथे मिळणारं काही चालेल का? चिप कुठे करून घ्यायची?

बेकरीचं यीस्ट चालतं, साधारण ५ मायक्रॉनचं. फक्त त्याला अंकुर फुटत असतात, म्हणजे तुमच्याकडे जन्मजात जोड्या आहेत. त्या वेगळ्या मोजा. दूधही चांगलं, पण पिशवीतलं होमोजिनाइज्ड नको. चरबीचे थेंब पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते वर जातात. गंमत अशी की गायीच्या दुधातल्या एका प्रथिनामुळे थंडीत थेंब एकमेकांना धरून गुच्छ करतात आणि साय झटकन वर येते. म्हशीच्या दुधात हे गुच्छ होत नाहीत. दोन्ही आणून एकाच चिपमधून सोडली तर परस्परक्रियेवरचा अख्खा प्रयोग तयार आहे, आणि खर्च दोन लिटर दुधाचा.

चॅनेल १०० मायक्रॉन किंवा मोठं असेल तर उद्यमबागेत चांगलं सीएनसी असलेल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा साचा करून घेता येतो. त्याहून बारीक हवं असेल तर बेंगळुरूच्या आयआयएससीमधल्या किंवा आयआयटी मुंबईमधल्या क्लीनरूमसाठी (धूळमुक्त लॅबसाठी) आयएनयूपी या, बाहेरच्यांना अशा सुविधा वापरू देणाऱ्या सरकारी योजनेतून गाइडमार्फत अर्ज करा.

१६. गर्दी नेहमी वाईटच का? तिचा फायदा होतो असं काही आहे?

आहे, आणि रक्तातच आहे. लवचिक तांबड्या पेशी भिंतीपासून दूर, मध्याकडे जातात आणि त्यांच्या धक्क्यांनी पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स कडेला फेकल्या जातात. कडेची वाट वेगळी काढली की पांढऱ्या पेशी जास्त प्रमाणात मिळतात. इथे ढकलणारं बल गर्दीच देते, म्हणून असं रक्त वीसपट पातळ केलंत तर चिप बंद पडल्यासारखीच. भिंतीलगत पेशी नसलेला थर राहतो, त्यामुळे ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्त पातळ असल्यासारखं वाहतं, हे फारेउस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये मोजलं. तोच थर फाट्यावरून ओढून घेऊन प्लाझ्मा काढणाऱ्या चिपही आहेत.

१७. बीडवर छान चालतं, पेशींवर नाही. दाटी तर तीच ठेवली होती.

दाटी तीच, पण कण तेच नाहीत. पेशी दबते. दबणारा कण भिंतीपासून स्वतःहून दूर सरकतो, टक्कर झाली की बीडसारखा उडत नाही, चपटा होऊन घसरतो. त्यामुळे प्रश्न ५ मधली रेषा आणि प्रश्न ६ मधली सीमा दोन्ही सरकतात. आणखी एक बघा: बीडच्या चाचणीत मोठे-लहान निम्मे-निम्मे घेतले होते का? खऱ्या नमुन्यात प्रमाण लाखात एक असतं आणि धक्के कुणाचे कुणाला बसतात तेच बदलतं. अहवालात इनलेटची दाटी, दोन्हींचं प्रमाण आणि आधीच्या जोड्यांची टक्केवारी नसेल तर शुद्धतेच्या आकड्याला मी फारसं महत्त्व देत नाही.

१८. पातळ केलं, निम्मं केलं, परत निम्मं केलं. निकाल जिथल्या तिथे. आता?

मग परस्परक्रियेला सोडा, ती निर्दोष आहे. दाटी बदलल्यावर आउटलेटची विभागणी बदलते की नाही, ही चाचणी त्यासाठीच असते. अपवाद एकच: आधीच चिकटलेल्या जोड्या पातळ करून सुटत नाहीत, त्यासाठी प्रश्न ९ प्रमाणे स्लाइड बघा. जोड्याही नसतील तर आउटलेटच्या नळ्यांची लांबी सारखी आहे का, कोपऱ्यात बुडबुडा बसलाय का ते तपासा. शेवटी पीडीएमएस. रुंद आणि उथळ चॅनेल दाबाने फुगतं, खांबांमधली फट वाढते आणि डीएलडीची सीमा तितकीच वर सरकते. पंपाचा वेग निम्मा करून बघा: फरक पडला तर चिप फुगत होती, पुढच्या वेळी पीडीएमएसमध्ये क्युरिंग एजंटचं प्रमाण वाढवा किंवा पातळ थर काचेवर बसवा.